जमिनीखाली आहे म्हणजे सुरक्षित आहे, असं नसतं

इंग्लंडमध्ये यॉर्कशरच्या उत्तर भागात स्टार कार नावाची जागा आहे. वरून पाहिलं तर सपाट शेत, दुसरं काही नाही. पण अकरा हजार वर्षांपूर्वी इथे तळं होतं आणि तळ्याच्या काठाला शिकारीवर जगणारी माणसं राहत होती. १९४९ ते १९५१ या काळात पुरातत्त्वज्ञ ग्रॅहम क्लार्क यांनी इथे उत्खनन केलं, तेव्हा काळ्या ओल्या मातीतून हरणाच्या शिंगांपासून केलेली १९१ काटेरी टोकं निघाली. त्याखेरीज कवटीचा वरचा भाग शिंगांसकट कापून, त्याला भोकं पाडून केलेली २१ शिरोभूषणं निघाली. अश्मयुग म्हटलं की आपल्याला दगडाची हत्यारं आठवतात, कारण त्या माणसांच्या वापरातलं लाकूड, हाड, शिंग, कातडं बहुतेक ठिकाणी कधीच कुजून गेलेलं असतं. इथे ते टिकलं होतं, म्हणून ही जागा जगभर गाजली.

क्लार्क यांनी जागेचा थोडाच भाग खणला होता. उरलेला भाग जमिनीत आहे तसाच आहे, पुढच्या पिढ्या चांगली साधनं घेऊन येतील आणि खणतील, असं सगळे धरून चालले. पुढची पिढी आली ती एकविसाव्या शतकात. निकी मिल्नर, शँटल कॉनेलर आणि बॅरी टेलर यांच्या चमूने जुन्या खड्ड्यांशेजारी पुन्हा खणायला घेतलं, तर हाती आलेली काही हाडं बोटांनी दाबली जात होती. कडक काही उरलंच नव्हतं. लाकूड चपटं झालेलं, शिंगं पापुद्र्यांसारखी सुटणारी. साठेक वर्षांपूर्वी ज्या मातीतून उत्तम स्थितीतल्या वस्तू निघाल्या होत्या, त्याच मातीत ही अवस्था. जे दहा-अकरा हजार वर्षं टिकलं, ते माणसाच्या एका आयुष्याएवढ्या काळात संपत आलं आणि वरून कोणाला काही दिसलं नाही.

पाण्यात भिजलेल्या पुरातत्त्वीय जागांवर देखरेख का ठेवावी लागते, हे समजायला एवढं एक उदाहरण पुरेसं आहे. देखरेख म्हणजे नेमकं काय करायचं, ते मात्र जरा सावकाश पाहायला हवं.

आधी मूळ प्रश्न. पाण्याने लाकूड कुजतं हे आपल्याला घरबसल्या माहीत असतं. मग पाण्यात राहून ते हजारो वर्षं टिकतं कसं? लोणच्याची बरणी आठवा. तेलाखाली बुडालेल्या फोडी वर्षभर चांगल्या राहतात, तेलाच्या वर डोकावणाऱ्या फोडीला बुरशी धरते. टिकण्याचं श्रेय तेलाच्या चवीला नसतं, हवा अडवण्याला असतं. जमिनीखालचं साचलेलं पाणी तेच काम करतं. पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या तुलनेत जवळजवळ दहा हजार पट हळू सरकतो. शिवाय पाण्यात तो मावतोही थोडा. लिटरभर हवेत २८० मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन असतो, तर लिटरभर थंड पाण्यात जेमतेम दहा-अकरा मिलिग्रॅम. मातीतले सूक्ष्मजीव तो चटकन वापरून टाकतात आणि नवा पुरेसा येत नाही. लाकूड झपाट्याने खाणाऱ्या बुरशींना ऑक्सिजन लागतोच, त्यामुळे त्यांचा कारभार बंद पडतो. घरातलं लाकूड कुजतं ते पाणी आणि हवा दोन्ही मिळाल्यामुळे.

तरी पाण्याखाली सगळं थांबतं असं नाही. काही जिवाणू अगदी नगण्य ऑक्सिजनवर निभावतात आणि लाकडाच्या पेशींच्या भिंतीतलं सेल्युलोज संथपणे खात राहतात. मागे राहतो तो लिग्निनचा, म्हणजे लाकडाला कडकपणा देणाऱ्या द्रव्याचा, सांगाडा आणि त्याच्या पोकळ्यांत भरलेलं पाणी. असं लाकूड दिसायला अखंड असतं, पण त्याचा आकार पाण्याने तोलून धरलेला असतो. ते एकदा वाळलं की पेशी मिटतात, लाकूड आक्रसतं, फाटतं. पुन्हा भिजवून पूर्वीचा आकार येत नाही. म्हणून अशी वस्तू बाहेर काढणं म्हणजे वर्षानुवर्षांचा प्रयोगशाळेतला खर्च मागे लावून घेणं. स्वीडनचं वासा हे १६२८ साली बुडालेलं जहाज १९६१ मध्ये वर काढलं, तर पुढे सतरा वर्षं त्यावर पॉलिइथिलीन ग्लायकॉल या मेणासारख्या रसायनाचे फवारे मारावे लागले. सगळंच खणून काढणं परवडत नाही, म्हणून शक्य ते जागच्या जागी राहू द्यावं, असं धोरण युरोपात गेल्या तीस-चाळीस वर्षांत रुजलं. पुरातत्त्वीय वारसा जपण्यासाठी झालेल्या १९९२ च्या युरोपीय व्हॅलेटा कराराने त्याला आधार दिला. धोरण चांगलंच आहे. त्यातली पळवाट एवढीच की ‘जागच्या जागी जतन’ असा शिक्का फाइलवर मारला की जतन झालंच, असं समजून मोकळं होता येतं.

आता स्टार कारला झालं काय? तिथली माती पीट आहे, म्हणजे दलदलीत साचत गेलेल्या, पुरत्या न कुजलेल्या वनस्पतींचा थर. आजूबाजूचा सगळा प्रदेश शेतीसाठी दोनेक शतकं कोरडा केला जात होता. पुढे शेतात खोलवर निचऱ्याचे नळ पडले. भूजल खाली गेलं, पीट सुकून दबलं आणि ज्या थरात वस्तू होत्या त्या थरात हवा शिरली. इथवरची गोष्ट सरळ आहे. पण नुकसानाचा वेग नुसत्या हवेने वाढला नव्हता. हवा नसताना मातीतले काही जिवाणू पाण्यातल्या सल्फेटवर जगतात आणि त्यातून गंधक लोहाशी जोडलं जाऊन लोहाची सल्फाइडं साचत जातात. पाण्याखाली ती निरुपद्रवी असतात. हवा लागली की त्यांचं ऑक्सिडीकरण होऊन सल्फ्युरिक आम्ल तयार होतं. स्टार कारच्या मातीचा सामू (पीएच) काही ठिकाणी ३ च्याही खाली गेलेला आढळला. साधारण मातीचा सामू ५ ते ८ च्या दरम्यान असतो आणि सामूचा एक अंक उतरला म्हणजे आम्लता दहापट वाढलेली असते. अशा मातीत हाडातला खनिज भाग विरघळतो आणि उरतं ते मऊ प्रथिन. ती दबणारी हाडं म्हणजे हेच. वासाच्या लाकडातही बंदराच्या घाण पाण्यातून आलेलं गंधक होतंच. २००० च्या सुमारास संग्रहालयातल्या त्या जहाजावर आम्लाचे डाग उमटू लागले, ते याच रसायनशास्त्राने.

संशोधकांनी मग ताजी हाडं आणि लाकडाचे तुकडे स्टार कारच्या मातीत पुरून पाहिले. वर्षभरातच ऱ्हासाची स्पष्ट चिन्हं दिसली. पाणी परत वर आणलं असतं तरी तयार झालेलं आम्ल आपोआप नाहीसं झालं नसतं. अखेर असं ठरलं की इथे ‘राहू द्या’ म्हणणं म्हणजे ‘जाऊ द्या’ म्हणणं आहे. आणि २०१३ ते २०१५ या काळात मोठं उत्खनन करून वाचेल ते वाचवलं गेलं. त्यातच २०१५ मध्ये कोरीव रेघा असलेलं शेल दगडाचं एक पदक मिळालं.

यावरून देखरेखीत काय काय मोजायला हवं ते कळतं. पहिलं अर्थात पाण्याची पातळी. बारीक बोअर घेऊन त्यात छिद्रांचा नळ उतरवतात आणि तळाशी दाब मोजणारा सेन्सर सोडतात. वर किती पाणी आहे ते दाबावरून कळतं, आणि सेन्सर दर तासाला नोंद करून स्वतःच्या स्मृतीत ठेवतो. महिन्यातून एकदा मोजपट्टी घेऊन जाणाऱ्या माणसाला जे दिसत नाही ते यात दिसतं: उन्हाळ्यातले दहा दिवस पाणी वस्तूंच्या थराखाली उतरलं होतं आणि पावसाने पुन्हा चढलं. सर्वांत वाईट पट्टा हाच, पाण्याच्या चढ-उताराचा. कायम कोरडं ठिकाण परवडलं, कायम ओलं तर उत्तमच; पण दरवर्षी भिजणं आणि वाळणं म्हणजे हवेला दरवर्षी आत बोलावणं. बोअर किती खोल आणि कोणत्या थरात उघडं ठेवायचं, यालाही महत्त्व आहे. खालच्या वाळूतलं पाणी आणि वरच्या चिकण थरात अडकलेलं पाणी यांच्या पातळ्या वेगळ्या असू शकतात. चुकीच्या थरातलं पाणी मोजून ‘सगळं ठीक’ असा अहवाल देता येतो आणि तो आकड्यांच्या दृष्टीने बरोबरही असतो.

पण पातळी ठीक आहे म्हणून निश्चिंत होता येत नाही, आणि इथेच या विषयातली खरी मेख आहे. ऑक्सिजन संपला तरी सूक्ष्मजीव उपाशी राहत नाहीत. ते ऑक्सिजनच्या जागी नायट्रेट वापरतात, ते संपलं की मँगनीज, मग लोह, मग सल्फेट, आणि काहीच उरलं नाही की मिथेन तयार करणारे जीव कामाला लागतात. या पायऱ्या उतरत जावं तसा कुजण्याचा वेग साधारणपणे मंदावतो. मातीची अवस्था आज कोणत्या पायरीवर आहे ते कळलं तर पुष्कळ काही कळतं. म्हणून बोअरमधलं पाणी हवा लागू न देता काढून त्यातलं नायट्रेट, विरघळलेलं लोह, सल्फेट, सल्फाइड, मिथेन तपासतात. समजा, वरच्या शेतात खत पडतंय आणि त्याचं नायट्रेट झिरपून खाली येतंय. पातळी वर्षभर काठोकाठ, आलेख अगदी सरळ रेषेत, आणि खाली जिवाणूंना मात्र पंगत वाढलेली. वाहत्या पाण्याचंही तसंच आहे. साचलेलं पाणी राखण करतं, खेळतं पाणी नवनवीन ऑक्सिजन घेऊन येतं.

याच पायऱ्यांचा झटपट अंदाज घेण्यासाठी मातीत प्लॅटिनमच्या टोकाचे इलेक्ट्रोड पुरून ऑक्सिडीकरण-क्षपण विभव (रेडॉक्स) मोजतात, म्हणजे तिथली स्थिती हवेशीर आहे की हवाविरहित, ते सांगणारा विद्युतदाब. ढोबळ हिशेब असा की अधिक ४०० मिलिव्होल्टच्या वर असेल तर हवा पोहोचते आहे, आणि उणे १०० च्या खाली असेल तर जतनाला अनुकूल स्थिती आहे. आकडा स्वच्छ वाटतो, पण या उपकरणावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. हातभर अंतरावरचे दोन इलेक्ट्रोड वेगळं काही सांगतात, कारण एकाशेजारी लाकडाचा तुकडा असतो आणि दुसऱ्याशेजारी मुळाने केलेलं भोक. जमिनीत राहून टोकावर सल्फाइडाची पुटं चढतात. त्यामुळे एका वाचनाला काही किंमत नसते. वर्षभराचा कल पाहायचा आणि तोही पाण्याच्या तपासणीशी ताडून. सामू, पाण्याची विद्युतवाहकता, पाण्याच्या वरच्या थरातला ओलावा ही मापंही घेतात. तापमान अनेकदा विसरलं जातं. दहा अंशांनी तापमान वाढलं की जैविक क्रिया साधारण दुप्पट ते तिप्पट वेगाने होतात, आणि शहरांच्या पोटात तळघरं आणि गरम पाण्याचे नळ भरपूर असतात.

हे सगळं झालं परिस्थितीचं मोजमाप. वस्तूचं काय? वस्तू तर आपण पाहूच शकत नाही, पाहायला खणावं लागेल. यावर डेन्मार्कमध्ये न्यूडॅम इथल्या दलदलीत एक चांगला मार्ग वापरला गेला. इथे लोहयुगातल्या लोकांनी जिंकलेली शस्त्रं आणि नावा तळ्याला अर्पण केल्या होत्या; चौथ्या शतकातली ओकची मोठी नाव १८६३ मध्ये इथेच मिळाली. १९९० च्या दशकातल्या उत्खननानंतर उरलेलं जागेवर ठेवायचं ठरलं, तेव्हा ताज्या लाकडाचे आणि धातूचे नमुने वेगवेगळ्या खोलीवर पुरले गेले. ठरावीक वर्षांनी त्यातले काही काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. प्राचीन भाल्याला हात न लावता त्याच्या शेजाऱ्याची प्रकृती विचारायची, असं ते काम. इथेच लक्षात आलं की हॉर्सटेल नावाच्या पाणवनस्पतीची मुळं थेट प्राचीन लाकडातून आरपार गेली होती. मूळ नुसतं भोक पाडत नाही, आपल्या पोकळीतून हवाही खाली नेतं. एवढी यंत्रं असताना नुसतं गवताकडे पाहणं, हीसुद्धा देखरेखच.

देखरेखीतून पुढे काही घडलं, असं सर्वांत चांगलं उदाहरण माझ्या मते नॉर्वेतल्या बर्गेनचं आहे. तिथल्या ब्रिगेन या जुन्या धक्क्यावरची लाकडी घरं १९७९ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. १९५५ मध्ये आगीत त्यांचा एक भाग जळाला. त्या जागी आस्ब्यॉर्न हेर्तेग यांनी वर्षानुवर्षं उत्खनन केलं आणि रून या उत्तर युरोपातल्या जुन्या लिपीतले सहाशेहून अधिक लेख मिळाले. त्यांत लाकडाच्या काटक्यांवर कोरलेल्या निरोपांचा आणि मालाच्या चिठ्ठ्यांचा भरणा मोठा. पुढे त्याच जागी तळघरासह हॉटेल बांधलं गेलं. पाणी आत येऊ नये म्हणून सभोवती पोलादी पत्र्यांची भिंत ठोकली आणि आतलं पाणी सतत उपसायची सोय केली. पाणी कागदावरची हद्द मानत नाही. भिंतीच्या बाहेर, जुन्या घरांखालीही भूजल उतरलं. ती घरं उभी होती काही मीटर जाडीच्या मध्ययुगीन थरांवर, ज्यांत लाकडाचा भुसा, शेण, कचरा, जुने ओंडके असा बहुतेक कुजणारा माल. तो कुजू लागला तशी जमीन बसू लागली. हॉटेलजवळच्या सर्वांत वाईट पट्ट्यात हा वेग वर्षाला सहा ते आठ मिलिमीटरपर्यंत होता, तर दूरच्या भागात एक मिलिमीटरहूनही कमी. आठ मिलिमीटर ऐकायला काहीच नाही. पन्नास वर्षांत ही घसरण हातभर होते, आणि एकाच घराची एक बाजू तेवढी खचते.

२००० नंतर तिथे बोअरची जाळी टाकून पद्धतशीर मोजणी सुरू झाली. तेव्हा कळलं की खचण्याचा नकाशा आणि उतरलेल्या पाण्याचा नकाशा एकमेकांवर बसतात. हे दाखवता आलं म्हणूनच पैसा आणि परवानग्या मिळाल्या. उपाय साधे होते, पण विचार करून योजलेले. छपरांचं आणि रस्त्यांचं पावसाचं पाणी गटारात घालवण्याऐवजी झाडांचे वाफे, उथळ चर आणि पाझरणारी फरसबंदी यांतून जमिनीत मुरवायचं. एक शंका रास्त होती, की पावसाच्या पाण्यात ऑक्सिजन भरपूर, ते खाली घालून आपण कुजण्यालाच मदत करणार का? म्हणून ते पाणी सेंद्रिय मातीच्या थरांतून सावकाश उतरेल अशी रचना केली, म्हणजे वाटेतच ऑक्सिजन खर्ची पडतो. २०१५ च्या सुमाराला पाण्याची पातळी चढलेली होती आणि खचणं मंदावलं होतं. नॉर्वेने २००९ मध्ये अशा थरांची तपासणी कशी करावी याचं राष्ट्रीय मानकच काढलं आहे. थर पाण्याच्या वर आहे, चढ-उताराच्या पट्ट्यात आहे की कायम पाण्याखाली, याला एक अक्षर आणि त्याच्या स्थितीला एक अंक. त्यामुळे दहा वर्षांनी येणारा दुसरा माणूस त्याच भाषेत तुलना करू शकतो.

इंग्लंडमध्ये सॉमरसेटच्या दलदलीत ५,८०० वर्षांपूर्वीची स्वीट ट्रॅक नावाची लाकडी पायवाट आहे. झाडांच्या वर्तुळांवरून तिच्या बांधणीचं साल ख्रिस्तपूर्व ३८०७-०६ असं निघतं. तिचा पाचेकशे मीटरचा तुकडा ओला ठेवण्यासाठी १९८० च्या दशकापासून पंपाने पाणी सोडलं जातं. लंडनमध्ये १५८७ सालच्या रोझ नाट्यगृहाचे अवशेष १९८९ मध्ये इमारतीच्या पायासाठी खणताना सापडले. ते वाळू घालून पाण्याखाली झाकले आहेत आणि वर कार्यालयाची इमारत उभी आहे. दोन्हीकडे पंप, नळ आणि मोजणी कायमची मागे लागलेली आहे.

हा ‘कायम’ शब्दच अवघड आहे. उत्खननाचा खर्च एकदाच होतो आणि त्याची बातमी होते. देखरेखीचा खर्च दरवर्षी येतो आणि सगळं सुरळीत असेल तर सांगण्यासारखं काहीच नसतं. सेन्सरची बॅटरी संपते, अधिकारी बदलतात, बोअरच्या झाकणावर कोणीतरी डांबर ओततं. म्हणून जाणकार लोक मोजायला सुरुवात करण्याआधी दोन गोष्टी लिहून घ्यायला सांगतात. एक, किमान वर्षभराच्या, म्हणजे सगळ्या ऋतूंच्या मूळ नोंदी, आणि त्या बांधकाम सुरू होण्यापूर्वीच्या. दोन, पाणी अमुक पातळीच्या खाली अमुक दिवस राहिलं तर कोण काय करणार. दुसरी गोष्ट नसेल तर आकड्यांचा ढीग साठतो, आणि तो उघडला जातो नुकसान झाल्यावर.

आपल्याकडे याच्याशी थेट नातं असलेली जागा पाटण्यात आहे. पाटलिपुत्राला लाकडी तटबंदी होती असं मेगॅस्थनिसने लिहून ठेवलं होतं, आणि पाटण्याच्या बुलंदी बागेत ती सालाच्या ओंडक्यांच्या रूपात खरोखर सापडली. जवळच कुम्रहारला मौर्यकाळातला ऐंशी खांबांचा मंडप आहे. १९१२-१३ मध्ये डी. बी. स्पूनर यांनी तो खणला, त्यासाठी पैसे मुंबईच्या सर रतन टाटांनी दिले होते. मंडपालगत लाकडी चौथरेही मिळाले. दोन हजार वर्षांचं लाकूड गंगेच्या काठी टिकतं ते ओल्या मातीमुळेच. पुढे १९५१ ते १९५५ मध्ये तिथे पुन्हा उत्खनन झालं, ते मूळचे कोल्हापूरकडचे असलेल्या अ. स. आळतेकरांच्या नेतृत्वाखाली. नंतर उघड्या खड्ड्यात भूजल चढू लागलं, खांबांचे अवशेष पाण्यात बुडू लागले, आणि २००४-०५ च्या सुमारास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तो भाग माती-वाळूने झाकला. २०२४ च्या अखेरीस त्यातल्या काही खांबांवरची माती काढून पाहणी सुरू करण्यात आली.

इथे दगड आणि लाकूड यांचे हितसंबंध एकमेकांविरुद्ध आहेत. दगडी खांबाला पाणी चढणं-उतरणं सोसत नाही, कारण पाण्याबरोबर क्षार वर येतात आणि वाळताना पृष्ठभाग फोडतात. तो कोरडा राहिला तर बरा. खाली लाकूड उरलं असेल तर ते कोरडं पडलं की संपलं. भूजल उतरल्याची बातमी दगडासाठी चांगली आणि लाकडासाठी वाईट, एकाच वेळी. त्यामुळे खांब उघडायचे की झाकलेले ठेवायचे, हे ठरवण्याआधी वेगवेगळ्या थरांतली पाण्याची पातळी, सामू, क्षार आणि खालच्या थरांतली ऑक्सिजनची स्थिती निदान एक पावसाळा आणि एक उन्हाळा मोजायला हवी. मातीखालच्या या वीस वर्षांच्या भूजलाच्या नोंदी जवळपासच्या विहिरींवरून जुळवता आल्या, तर आज दिसणारं नुकसान जुनं की नवं, हेही सांगता येईल.